जावयाचा चष्मा

सोफावाले खिळे ओठांत धरून बोलतात. आजवर एकही गिळलेला नाही, असं सांगतात. पण ओठांत खिळे असल्यामुळे तेही धड ऐकू येत नाही. कोणाकडे गेले की आधी खुर्चीवर थाप मारतात, आवाज ऐकतात, मगच टेकतात. वाकडी सुई शर्टाच्या कॉलरला टोचलेली असते, त्यामुळे त्यांना कोणी मिठी मारत नाही. फक्त नात मारायची. ती कॉलरपर्यंत पोचायचीच नाही.

आणि कोणाचाही जुना सोफा उसवला की आत सापडेल ते सगळं, मग तो कंगवा असो की खेळण्याचं चाक, एका कापडी पिशवीत भरतात. पिशवी सोफ्याच्या हाताला बांधतात आणि सोफा परत देतात. "लोकांचा सोफा म्हणजे लोकांचा खिसा," असं म्हणतात. माणसाला एखादाच अभिमान असतो. त्यांचा हा होता.

जावयाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

मुलगी, जावई आणि चार वर्षांची नात सुट्टीत राहायला आली होती. निघायच्या सकाळी जावयाचा चष्मा गायब. चष्म्याशिवाय त्याला समोर बस आहे की भिंत, हे कळत नाही; आणि गाडी तोच चालवणार होता. घर उलटंपालटं झालं. डबे उघडले, गाद्या झटकल्या. नात तेवढी सोफ्याच्या कोपऱ्यात हाताची घडी घालून शहाण्यासारखी बसली होती.

"बाबा," जावई म्हणाला, "काल तुम्ही इथे बसून त्या दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या शिवून पाठवल्यात ना? त्यातच शिवून टाकला असणार."

"मी?"

"मग काय, खुर्चीने गिळला?"

सोफावाल्यांच्या ओठांतला खिळा त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर पडला.

शेवटी गाडी मुलीने चालवली. जावई सासूबाईंचा वाचायचा चष्मा लावून शेजारी बसला. त्यातून त्याला स्वतःचे गुडघे तेवढे स्वच्छ दिसत होते. आई स्टीअरिंगवर बसलेली पाहून नातीने असा गळा काढला की शेजारपाजारचे बाहेर आले.

त्यानंतर सासरा-जावयाचं बोलणं बंद. फोन मुलगी करायची. मागून जावयाचा आवाज यायचा, "विचार, सापडला का?" इकडून सोफावाले म्हणायचे, "सांग त्याला, माझ्या हातून कोणाचं काही हरवत नाही." पुढची सुट्टी तोंडावर आली तेव्हा मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाबा, हे म्हणतात, आधी तुम्ही चूक कबूल करा, मग येऊ."

"न केलेली?"

"तुम्ही दोघं एका माळेचे मणी आहात," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सोफावाले उरलेल्या फोमचे ससे कापत बसले. नात गेल्यापासून हेच चाललं होतं. कपाट भरलं होतं. बायको चादर काढायला गेली की अंगावर ससे कोसळायचे.

मनात किडा मात्र वळवळत होता. खरंच शिवला असेल तर? एके दिवशी ते दाताच्या डॉक्टरांकडे गेले आणि म्हणाले, "खुर्च्यांची मोफत तपासणी." गाल धरून बसलेल्या पेशंटना त्यांनी उठवलं, एकेक खुर्ची उसवली, चाचपली, पुन्हा शिवली. त्यांच्या हातातली पक्कड पाहून एका बाईंची दाढ दुखायची आपोआप थांबली. त्या घरी गेल्या. चष्मा नव्हता.

निर्दोष ठरलेले सोफावाले मान खाली घालून परतले. नात काही त्यामुळे येणार नव्हती.

"आता तरी आपला सोफा धरा," बायको म्हणाली. "जगाचे सोफे शिवता. आपल्या सोफ्यावर बसलं की मी जमिनीला टेकते."

दिव्याखालचा हा अंधार बरीच वर्षं तसाच होता. दुपारी त्यांनी कापड उसवायला घेतलं. हाताजवळची शिवण आधीच सुटलेली होती, लहान मूठ जाईल एवढी. आत काथ्यात काहीतरी मऊ लागलं. सशाचं चित्र असलेला छोटा मोजा. मोज्यात जावयाचा चष्मा. आणि चष्म्याला चिकटून अर्धं बिस्किट.

"उंदराने कुरतडलंय," बायको म्हणाली.

सोफावाल्यांनी बिस्किट उजेडात धरलं. "उंदीर नाही. दुधाचे दात आहेत."

दोघंही उसवलेल्या सोफ्यावरच बसले.

"चष्मा नाही तर गाडी नाही, गाडी नाही तर जाणं नाही," बायको हळूच म्हणाली. "आईला चालवता येते, हे कुठे ठाऊक होतं बिचारीला. आणि काखेत कळसा! तुम्ही डॉक्टरांच्या खुर्च्या फाडत बसलात." मग तिने डोळे पुसले आणि पदर खोचला. "लावा फोन. आता पुरावा आहे. ऐकवा जावयाला चांगलं."

सोफावाल्यांनी कॉलरची सुई काढली, पुन्हा टोचली, आणि फोन लावला. थेट जावयालाच.

"बोला," जावई म्हणाला.

"चष्मा सापडला."

"कुठे?"

सोफावाल्यांनी मोज्याकडे पाहिलं. "डॉक्टरांच्या खुर्चीत. माझ्याच हातून शिवला गेला."

बायकोने कपाळावर हात मारला. पलीकडे गडगडाटी हसू. "मी म्हणालो नव्हतो? अगं ऐकलंस का, खुर्चीत होता! जाऊ द्या हो बाबा, होतं असं. पाठवून द्या कुरिअरने."

"काचेची वस्तू कुरिअरने? फुटेल. येऊन घेऊन जा."

"येतो. शनिवारी येतो."

इतक्यात फोन हिसकावल्याचा आवाज आला. मग पळणारी पावलं, दार लावल्याचा आवाज, आणि अगदी जवळ, कुजबुज: "आजोबा, चष्म्याने बिस्किट खाल्लं?"

"अर्धं खाल्लं. अर्धं तुला ठेवलंय."

"आजोबा, या वेळी गाडीची किल्ली लपवू?"

"हळू बोल," आजोबा म्हणाले.

शनिवारच्या आत सोफा नवा झाला. नव्या स्प्रिंगा, नवा फोम, निळं कापड. बायको बसली आणि चक्क वर राहिली. तिने सगळीकडून हात फिरवून पाहिला.

"अहो, इथे हाताजवळ शिवायचं राहिलंय."

"करतो," सोफावाले खिळ्यांमधून म्हणाले.

दोरा ओवलेली सुई अजून तिथेच टोचलेली आहे.