आत्याची दुसरी डबी

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू यायचं. पेणला एका खासगी लॅबमध्ये बारा वर्षं टेक्निशियन आहे मी... टेस्टच्या कार्डावर रेघ आली तर आहे, नाही आली तर नाही, एवढाच माझा देवधर्म. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. येऊ दे.

माझी आत्या रोह्याला. शाळेतून निवृत्त झालेली, कडक बाई. न्यूमोनियासाठी तिला भारी अँटिबायोटिक्स दिली आणि मग जुलाब सुरू झाले, थांबेचनात. असं होतं कधीकधी — औषधाने पोटातले चांगले जंतू मरतात, एखादा वाईट जंतू माजतो आणि विष सोडतो. ते विष शौचाच्या नमुन्यात शोधायची टेस्ट आमच्याकडे होते. फक्त नमुना थंड लागतो. बाहेर राहिला तर दोनेक तासांत विष विरून जातं आणि टेस्टला सापडत नाही.

आत्याचा मुलगा नीलेश कंपनीतली फर्स्ट शिफ्ट संपवून संध्याकाळी डबी घेऊन आला. आधी कागद, मग पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी. लाज! मी हात लावला, तर कोमट.

"फ्रीजमध्ये नाही ठेवलीस?"

"ताई, आई ऐकते का? फ्रीजात देवाच्या नैवेद्याचं दूध हाय, तिथं ही घाण ठेवायची नाय बोलली. सकाळपासनं न्हाणीच्या खिडकीत होती."

नियम सरळ आहे — असा नमुना परत पाठवायचा. पण आत्याला 'पुन्हा दे' म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मे महिन्याच्या सुट्टीत छडी घेऊन तिने माझं अक्षर वळवलं होतं, तिच्याशी शौचाबद्दल काय बोलणार? नमुने परत पाठवले की पेशंट दुसरीकडे जातात, असं आमचे सर, लॅबचे मालक, म्हणतात खरं, पण त्या दिवशी सर नव्हतेच. त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. रजिस्टरमध्ये 'नमुना थंड मिळाला' या रकान्यात मी माझ्या हाताने टिक केली. कार्डावर जंतूची रेघ आली, विषाची नाही. नुसता जंतू असला आणि विष नसलं, तर तो आजार धरत नाहीत; तसा रिपोर्ट गेला. तो वाचून रोह्याच्या डॉक्टरांनी जुलाब बंद करायच्या गोळ्या चालू केल्या. या आजारात नेमक्या त्याच द्यायच्या नसतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला मीच लॅबचं कुलूप उघडलं. चाव्या दोनच — एक माझ्याकडे, एक सरांकडे, आणि सर गावाला. फ्रीजमध्ये पुढेच एक डबी होती. गारठलेली. रजिस्टरला नोंद नाही, नंबर नाही. वरच्या चिकटपट्टीवर आत्याचं पूर्ण नाव, त्याच सकाळची तारीख, आणि अक्षर... आधी सरळ रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरं टांगायची सवय तिचीच. नावाखाली एक ओळ होती: 'आता थंड आहे.'

लगेच टेस्ट लावली. पंधरा मिनिटांत विषाची रेघ उमटली, गडद.

नीलेशला फोन केला. "डबी कोण ठेवून गेलं रे?"

"कसली डबी? आई काल दुपारपासनं शुद्धीवर नाय, ताई. आम्ही सगळे हितंच हाय, दवाखान्यात."

डॉक्टरांना कळवलं. "परवा तर तुम्हीच नाही म्हणालात!" म्हणून ते ओरडले, मग गोळ्या बंद करून बरोबर औषध सुरू केलं. दोन दिवस आधी झालं असतं तर... आत्या दुसऱ्या दिवशी गेली.

दहाव्याला रोह्याला गेले. मनीषाने किती धावपळ केली हो, असं सगळे माझ्याबद्दल म्हणत होते. नीलेशच्या बायकोने त्याच फ्रीजमधून दूध काढून मला चहा करून दिला. मी तो प्यायले.

ती डबी कोणी ठेवली, मला माहीत नाही. नमुना कोमट होता हे मी आत्याला कळवलंच नव्हतं, आणि ती खोटी टिक तर माझ्याशिवाय कुणी पाहिलीही नव्हती. स्पष्टीकरण मागाल तर माझ्याकडे नाही. चिकटपट्टी मी सोलून जपून ठेवलीय. रजिस्टरमधली टिक मात्र अजून तशीच आहे.