चिनी वर्षाचा पहिला दिवस आणि कांद्याची टरफलं

वाचकहो, उभं राहून ऐकावी अशी ही बातमी आहे: शिरूर तालुक्यात चिनी भाषा आली ती एस.टी.नं, न्हावऱ्याच्या थांब्यावर उतरली, आणि तिचं सगळं सामान माझ्या मावसभावाच्या डोक्यावर होतं. गोष्ट सत्तरच्या दशकातली. आमच्याकडची पोरं पुण्याला जाऊन वकिली शिकत. हा विद्यापीठात चिनी शिकला. सुट्टीत घरी आला की गोठ्यात म्हशीसमोर उभा राहून एकच अक्षर सूर चढवून, उतरवून, वळवून घोटायचा. म्हैस आधी बुजली. पुढं पुढं तर ते ऐकल्याशिवाय पान्हा सोडेना. वर्गात भाषेबरोबर ऋतूंचे सणही शिकवत, आणि शिकलेलं घरी करून पाहिल्याशिवाय ह्याला चैन नसे. ऐन थंडीतल्या सणाला त्यानं मावशीकडून खिम्याच्या करंज्या करून घेतल्या, त्याही उकडून. "करंजी तळायची सोडून उकडतंय, ह्येला कोन पोरगी देनार?" मावशी म्हणाली.

प्रश्न खराच होता. चीनशी लढाई होऊन फार वर्षं लोटली नव्हती. "हेर हाय का काय," म्हणत दोन स्थळं परत गेली होती. त्याला छेडलं तर तो शांतपणे म्हणायचा, "बुद्धाची जी वचनं आपल्याकडं हरवली, ती चिन्यांनी लिहून ठेवलीत. आणायला कुणीतरी जायला नको?" मावशीची काळजी काही तेवढ्यानं मिटत नसे.

तिसरं स्थळ मी आणलं. दौंडचं, मुलीचे वडील रेल्वेत गार्ड. ती माणसं घर बघायला आली नेमकी चिनी वर्षाच्या पहिल्या दिवशी. त्या दिवशी म्हणे घर झाडायचं नसतं. केराबरोबर वर्षाचं भाग्य उंबऱ्याबाहेर जातं. आदल्या दिवशी ह्यानं एकट्यानं घर लख्ख केलं होतं, पण सकाळीच शेतातला कांदा येऊन पडला आणि पडवीभर टरफलं उडाली. मावशी केरसुणी मागत होती, आणि हा पठ्ठ्या केरसुणीवर मांडी ठोकून बसलेला. तेवढ्यात पाहुणे दारात.

गार्डसाहेबांच्या पांढऱ्याशुभ्र पँटला टरफलं चिकटली. "घर झाडत न्हाईत व्हय?" त्यांनी मला विचारलं. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण मावसभाऊ उठून, हात जोडून, सगळं खरं सांगून मोकळा झाला. "मामा, आज घरातल्या बाईनं केरसुणीला हात लावायचा नसतो. आईनं लावू नये म्हणून मी केरसुणीवरच बसलो होतो."

गार्डसाहेबांनी टोपी उचलली. मावशीनं डोळे मिटले. मीही मनातल्या मनात दौंडचा रस्ता कायमचा सोडला.

मुलीची आई अजून उंबऱ्यातच उभी होती. ती माउली आज नाही, पण तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. ती टरफलांकडं बघत राहिली, मग पदर सावरायचं विसरून नवऱ्याकडं वळली:

"आवं, कुठं निघालात? लगीन झाल्यापास्नं एक दिस केरसुणी खाली ठिवली न्हाई म्या. पोरगी ह्याच घरात द्या!"