चिकटवलेला आकाशपाळणा

मी रांजणगावच्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा माज होता. लाइनवरून आलेला माल हातात घ्यायचा, हलवून बघायचा, जोड खुळखुळला की बाजूला टाकायचा. दिवसभर हेच काम. त्यामुळं घरातसुद्धा काही सैल दिसलं की माझे हात शिवशिवायचे. खुर्चीचा पाय, कढईचा कान, कपाटाची कडी, सगळं मी आवळून ठेवलेलं. बायको म्हणायची, "अहो, माणसं तेवढी आवळू नका."

आम्ही शिरूरला दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. शेजारच्या खोलीत नांदेडकडचं एक कुटुंब होतं. तो माणूस आमच्याच लाइनवर हेल्पर, पण ठेकेदाराचा. कारखान्यात तो मला साहेब म्हणायचा आणि घरी भाऊ. त्याची मुलगी आणि माझी मुलगी एकाच वर्गात, चौथीत. दोघी एकमेकींशिवाय जेवायच्या नाहीत.

त्या वर्षी कंपनीच्या फॅमिली डेला लकी ड्रॉत आमचा नंबर लागला. बायकोला मिक्सर हवा होता, मिळालं खेळणं. मोठा खोका, आत रंगीत प्लॅस्टिकच्या काड्या आणि खाचा असलेल्या चकत्या. चकतीच्या खाचेत काडी दाबली की टक् करून बसायची, ओढली की निघायची. गाडी करा, मनोरा करा, मोडा आणि दुसरं काही करा. ठेकेदाराच्या माणसांना फॅमिली डेचं बोलावणं नसायचं. पण आमच्या पोरीनं घरी आल्या आल्या खोका उचलला आणि शेजारी नेला. दोघींनी ठरवलं, एक आठवडा हिचा, एक आठवडा तिचा. जिचा नंबर, तिनं सांगायचं काय करायचं ते, दुसरीनं मदत करायची. रविवारी जुनं मोडायचं आणि नवीन सुरू करायचं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारायला वेळ होता कुणाला!

पहिला नंबर आमच्या पोरीचा. तिनं जत्रेतला आकाशपाळणा केला. हातभर उंच, दोन बाजूंना आधार, मध्ये चाक, चाकाला आठ पाळणे. बोटानं ढकललं की फिरायचा. मी पहिल्या पाळीहून आलो की तो जमिनीवर फिरत असायचा आणि दोघी पालथ्या पडून बघत असायच्या. मला इतका अभिमान वाटला की मी कंपनीच्या बसमध्ये चार माणसांना सांगितलं. फक्त एक गोष्ट खटकायची. पाळणा उचलला की एखादी काडी सुटायची. माझ्यासारख्याला ते बघवतंय होय?

शनिवारी मी रजेवर होतो. पोरींची सकाळची शाळा होती, बायको बाजारात गेली होती. माझ्या अंगात हुशारी संचारली. खणातून झटपट चिकटणाऱ्या गमची ट्यूब काढली आणि एकेक जोड उघडून, थेंब सोडून, दाबून धरून पक्का केला. बोटांची कातडी चिकटली, पण सोडलं नाही. दोन तास लागले. मग पाळणा उलटा केला, हलवला. एकही काडी हलली नाही. शोकेसमध्ये कपबशा सरकवून त्याला मधोमध जागा केली आणि काच लावून टाकली. पोरगी आली, काचेतून बघून हसली. म्हणाली, "उद्या काढायचाय हं पप्पा." मला वाटलं, खेळायला काढायचा असेल. मी म्हटलं, "काढ की."

रविवारी सकाळी शेजारची पोरगी वही घेऊन आली. तिला क्रेन करायची होती. वहीच्या मागच्या पानावर तिनं क्रेन काढून ठेवली होती, कुठं कोणत्या रंगाची काडी ते लिहिलेलं. आठवडाभर तिनं तेच केलं असणार. आणि तिला तो एकच दिवस होता. ठेकेदाराच्या माणसांना काही महिन्यांनी ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात. तिच्या बापाला शुक्रवारी ब्रेक मिळाला होता आणि सोमवारी सकाळी ते सामान घेऊन गावाकडं निघणार होते. दोघींनी ठरवलं होतं, आज दिवसभरात क्रेन उभी करायची.

पाळणा खाली घेतला. शेजारच्या पोरीनं एक काडी ओढली. निघेना. आमचीनं दुसरी ओढली. निघेना. दोघींनी दोन टोकं धरली तशी काडी मधोमध पांढरी पडली आणि मोडली. शेजारचीनं चकती डोळ्यांजवळ नेली. जोडावर गमचा वाळलेला ओघळ होता.

"तूच चिकटवलास," ती म्हणाली. "माझा नंबर आला म्हणून."

मी तिथंच खुर्चीवर पेपर घेऊन बसलो होतो. आणि दारात तिचा बाप उभा होता, आमचा पाना परत द्यायला आलेला. तो नसता तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलोय. त्याच माणसानं दोन महिन्यांपूर्वी लाइनवर एक तडकलेला जोड तयार मालाच्या टबच्या तळाशी लपवला होता, आणि मी सगळ्या लाइनसमोर त्याला फाडून खाल्लं होतं. "चुकलं की हात वर करायचा. लपवायचं न्हाई. एवढी लाज वाटती तर कामाला येता कशाला?" तो मान खाली घालून ऐकत राहिला. तेव्हापासून बारीकसारीक चुकलं तरी त्याचा हात वर व्हायचा. आता त्याच्यासमोर मी काय तोंडानं हात वर करू? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझ्या पोरीनं माझ्या बोटांकडं बघितलं. बोटांवर गमचे पापुद्रे तसेच होते. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती थांबली. चांगली थांबली. मी पेपरचं पान उलटलं.

"मी..." एवढंच ती म्हणाली.

उलट त्या बापानंच आपल्या पोरीला दटावलं. "असं बोलू न्हाई. त्यांचं खेळणं हाय, ते चिकटवतील न्हाईतर फोडतील. चल." माझ्या हातात पाना दिला. "येतो भाऊ. काय चुकलंमाकलं असंल तर माफ करा." मी म्हटलं, "बसा की, चहा घ्या." शेण खाल्लं ते खाल्लं, वर चहा विचारला.

ती पोरगी वही घेऊन गेली, ती परत आली नाही. आमची दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन आली. मी ठरवलं, सकाळी सांगायचं. सकाळी सहाला माझी बस होती आणि त्यांच्या खोलीत दिवा लागलेला होता. दोन पावलांवर दार. मी बस पकडली. चारला परत आलो तेव्हा दाराला कुलूप होतं आणि ओट्यावर सुतळीचे तुकडे पडले होते. पत्ता कुणी कुणाचा घेतला नव्हता. खोका पोरीनं पलंगाखाली सारला.

पुढच्या उन्हाळ्यात बायकोचा भाऊ आणि भावजय दौंडहून आले होते. बायको त्यांना घेऊन देवळात गेली आणि जाताना मला सांगून गेली, दूध बघा. मी मॅच बघत बसलो. दूध उतू गेलं, उरलेलं करपलं, घरभर वास. बायको आली ती पाहुण्यांसमोरच भडकली. "दुधाकडं कुणी बघायचं होतं?"

मी तोंड उघडत होतो. शपथ घेऊन सांगतो, उघडत होतो. तेवढ्यात पोरगी आतून आली आणि म्हणाली, "माझं चुकलं मम्मी. माझं ध्यान नव्हतं."

"तिचं न्हाई, माझं चुकलं," मी म्हटलं.

"लेकीला पाठीशी घालू नका," बायको म्हणाली, आणि पोरीच्या पाठीत धपाटा घातला.

पोरगी करपलेलं पातेलं घेऊन मोरीत बसली. मी मागं गेलो, तिच्या शेजारी उकिडवा बसलो आणि हळूच विचारलं, "खोटं का बोललीस?"

तिनं वर बघितलं. रागावली नव्हती, रडतही नव्हती. आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, हे सांगावं तसं तिनं सांगितलं.

"तुमाला सांगता येत न्हाई ना पप्पा. म्हणून मी सांगितलं."

आणि ती पातेलं घासायला लागली.