पेडलसमोरचा तांब्या
तीन वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका रविवारी, माझ्या वडिलांनी नांदेडच्या एका गॅरेजमागच्या मैदानात आपली जुनी दोन दारांची स्पोर्ट्स कार डावा पाय न वापरता चालवली. आज धुवायला काढलेल्या त्याच गाडीच्या मॅटवरच्या पांढरट डागामुळे ते आठवलं. तो पाय मोडल्यापासून त्यांना क्लच दाबता येत नव्हता आणि लातूरला घरी गाडी विकायचं ठरत आलं होतं. त्या गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिन नव्यासारखं केलं, क्लच हातानेच दाबता यावा म्हणून त्याची लिव्हर गिअरच्या दांड्यावर बसवली. पण सवयीने पाय पेडलकडे जायचाच. मग मिस्त्रींनी आपला ताकाचा तांब्या पेडलसमोर ठेवला. “सर, पाय हलला की ताक सांडंल. तसं झालं तर किल्ली माझ्याकडंच ऱ्हाईल.” पहिल्या फेरीत तांब्या आडवा झाला. “चाळीस वर्षांची सवय आहे हो,” वडील म्हणाले. “वर्गात लेकरांचं असलं ऐकून घेत होता का?” मिस्त्रींनी उरलेल्या ताकात पाणी ओतलं. दुसऱ्या फेरीतही सांडलं. तिसऱ्या फेरीला गाडी मैदानाला पूर्ण वळसा घालून आली आणि तांब्या उभा होता. मिस्त्रींनी तो उचलून तोंडाला लावला. किल्ली गाडीतच राहू दिली. आज मॅट वाळायच्या आत वडील तीच गाडी घेऊन एकटेच निलंग्याला निघाले. साडेअकराला पोहोचल्याचा त्यांचा फोन आला.