कापडाखालचा हात

कात्री थांबली तरी दादाची जीभ थांबत नसे. त्याच्या सलूनमध्ये केस कापून मिळत आणि वर फुकटचा सल्ला. गुडघेदुखी असो की जावयाची कुरबुर, दादाकडे तोड तयार.

एका दुखण्यापुढे मात्र त्याचं शहाणपण चालेना. त्याची लेक ठमी, वय वर्षं आठ. शाळेआधी तो तिला खुर्चीत बसवून वेण्या घाली. खुर्चीत बसलं की गळ्याला कापड, मग ती पोटची पोर का असेना. कापडाबाहेर ठमीचा एकच हात, रिबीन धरलेला. तो मधूनच झटका देई आणि रिबीन जाऊन चिकटे शेजारच्या गिऱ्हाइकाच्या फेसाळ गालाला.

ठमीची आई भल्या सकाळी बेकरीत कामाला जाई, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे दादाच गेला. मेंदूचा आलेख काढला, त्यात त्या दिवशी काही गवसलं नाही. मग झटका कुठे कुठे येतो असं बाईंनी विचारलं, तेव्हा दादानं ठणकावून सांगितलं, "फक्त उजवा हात, बाई. रोज बघतो ना मी!"

बाईंनी त्या हिशेबानं फिटची गोळी दिली. दादानं सलूनभर जाहीर केलं, "रामबाण औषध!"

रामबाण सुटला तो घरातल्या कपबश्यांवर. ठमीनं कप उचलला की चहा भिंतीवर. "मी नाही सांडला," ती म्हणे, "कपानंच उडी मारली."

"अहो, गोळी चालू झाल्यापासून जास्तच झालंय," आई म्हणाली.

"अगं, औषधानं कधी आजार वाढतो का? नवा वस्तरा हाताला बसायला वेळ लागतो."

"आणि तो गाल कापत सुटला, तर गिऱ्हाईक वाट बघत बसतं होय?"

त्याच आठवड्यात ठमी झटक्यासरशी शाळेच्या पायरीवरून कोसळली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. आईनं बेकरीत रजा टाकली आणि दोघांना पुढे घालून दवाखाना गाठला.

"पुन्हा नीट सांगा," बाई म्हणाल्या. दादानं उजवा हात उडवून दाखवला. "एवढाच, बाई. दुसरा अगदी गरीब."

"खोटं!" ठमी म्हणाली. "दुसरापण उडायचा. कापडाखाली. मी सांगत होते, पण तुम्ही त्या मिशीवाल्या काकांना जावई कसा सांभाळायचा ते सांगत होता."

आईनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की वस्तऱ्याला धार लावायची गरज उरू नये.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मीही तिलाच विचारायला हवं होतं. दोन्ही हात उडणाऱ्या मुलांमध्ये ही गोळी कधीकधी झटके उलट वाढवते. बदलू या. पण एकदम बंद करायची नाही, मी सांगते तशी हळूहळू. आणि मनानं काही करू नका, दादा."

"मी? छे!" दादा म्हणाला आणि चक्क गप्प बसला.

नवी गोळी लागू पडली. कप जागच्या जागी राहू लागले. दादा आता ठमीच्या वेण्या कापड न बांधताच घालतो, तिचे दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून. केस तिच्या गणवेशावर पडतात, ती कुरकुरते.

परवा मिशीवाल्या काकांनी काळजीनं विचारलं, "दादा, घसा बसलाय का?"

"थांबा हो," ठमीच म्हणाली, "वेणी होऊ दे. मग जावयाचं विचारा."