लॉक प्रोफाइलमधला फोटो

आज वाशीच्या ऑफिसात माझा एक अशील आला. कळंबोलीला ट्रक चालवतो. घटस्फोटाची केस सुरू आहे, लेक आईकडे असते.

"मॅडम, बायकोचं प्रोफाइल लॉक आहे. खोट्या नावानं रिक्वेस्ट टाका ना."

मी भडकलेच. "पुरावा असा चोरून काढायचा नसतो. माझी सनद जाईल!"

तो खाली बघत म्हणाला, "पुरावा नको ओ. पोरीच्या गॅदरिंगचे फोटो टाकलेत म्हणे."

मी सरळ त्याच्या बायकोच्या वकिलांना फोन लावला. तासाभरात त्यांच्याकडून एक फोटो आला, पोरीच्या आईनंच दिलेला.

त्यानं तो बोटांनी मोठा केला. "आयला, हिचा दात पडला! कधी?"

मंडळी, चोरून काढायला शिकवणारे वकिलीत खूप भेटले. साधं विचारायला कुणी शिकवलं का हो तुम्हाला?