माझी गुलाबदाणी आणि लाटसाहेब

आमचे सासरे, म्हणजे आबा, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका लहानशा संस्थानात कारभारी होते. लाटसाहेब धुळ्याला येणार म्हणून महाराजांना नजराणा घेऊन जायचं होतं. वाड्यात चांदीचं एक पानदान होतं, पण ते आधीच्या दोन लाटांना दाखवून झालं होतं. तेच तिसऱ्यांदा नेणं बरं दिसेना. आबांना माझी गुलाबदाणी आठवली.

ती एरंडोलच्या माझ्या आईनं मला लग्नात दिली होती. मान जराशी वाकडी होती, पण हळदीकुंकवाला बायका तिचं कौतुक करत. मला कुणी विचारलं नाही. मी चिंचेनं घासून ती सासूबाईंच्या हातात दिली तेव्हा माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "साहेब नुस्ता हात लावस व माय. खाई जाई का तो?"

रीत तशीच होती. नजराणा पुढे धरायचा, साहेबानं बोटं टेकवायची, की तो आपला आपण घरी न्यायचा. देण्याचा मान आपला, न घेण्याचा त्यांचा.

धुळ्याला काय झालं ते आबांनी जेवताना सांगितलं. मी दाराआड होते. साहेबांनी बोटं टेकवली, पण शेजारी त्यांची मडम बसली होती. विलायतेहून नुकतीच आलेली, तिला रीत ठाऊक नव्हती. तिनं गुलाबदाणी उचलली, हलवली, गालावर पाणी उडालं तशी खुदकन हसली आणि मांडीवर ठेवून घेतली. महाराज साहेबांकडे पाहत राहिले, साहेब छताकडे. मागणार कोण? सरकारची आणि संस्थानची मैत्री होती.

परतभेट म्हणून महाराजांना बादशहाची सोनेरी चौकटीतली तसबीर मिळाली. त्यांच्याकडे आधीच दोन बादशहा होते. हा तिसरा त्यांनी माझ्यासाठी पाठवला.

तो ओसरीवर लागला. पुढच्या हळदीकुंकवाला आई आली. तिनं तसबीर नीट पाहिली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "आते यामधून गुलाबपानी कसं शिपडशी?" तेव्हापासून मी पितळेच्या वाटीत तुळशीची डहाळी बुडवून शिंपडते.

पुढे स्वराज्य आलं. बादशहाला उतरवायचं ठरलं, पण ठेवायचं कुठे यावर घरात दोन दिवस खल चालला. आबा तोवर थकले होते. त्यांच्यासमोर मी आजवर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणून गेले, "आपण नुसता हात लावला होता, आबा. परत करून टाका."

आबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "तुझी मागायला कुणी गेलं नाही. हा द्यायला कोण जाईल?"

बादशहा माळ्यावर गेला. खिळा चांगला भक्कम होता. त्याला मी सूप अडकवलं.